आवणीच्या दिवसांतली फायनल

चारोटीला गाडी बदलताना मी हल्ली खिडकीची जागा धरते. जुलैत तिथून तलासरीपर्यंत दोन्ही बाजूंना आवणी चाललेली असते आणि ती बघत जायला मला आवडतं. परवा मात्र शेजारच्या गृहस्थांनी मोबाइल असा काही माझ्या पुढ्यात धरला होता की शेतं बघायची सोयच राहिली नाही. कुठल्या कुठल्या देशांतल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल होती. आदल्या रात्री होऊन गेलेली, आणि हे तिचे तुकडे पुन्हा पुन्हा बघत होते. बचावातला एक खेळाडू दोन पावलं मागे सरकतो, समोरचा गोल मारतो, लोक नाचतात. तिसऱ्यांदा तेच बघून झाल्यावर गृहस्थांनी मला कोपर लावलं.

"बघा मॅडम, ह्याच्यामुळे हरले."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर तलासरी येईपर्यंत थांबले नसते, आणि त्यांचं बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. हेच वाक्य मी स्वतः एका जुलैत चाळीस माणसांसमोर बोललेले आहे. तेव्हापासून जुलै आला की मला चिखलाचा वास येतो आणि पाठोपाठ लाज वाटते.

आवणी म्हणजे भाताची लावणी. शब्द पूर्वेकडच्या गावांतला. मी मूळची धाकट्या डहाणूची. आमच्याकडे पावसाळा म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, जाळी ओटीवर पसरलेली, पुरुषमाणसं दिवसभर घरात आणि त्यामुळे बायका वैतागलेल्या. सुक्या बोंबलाचं कालवण, चहावर चहा, खाडीकडे बघत बसणं. पावसाळा हा विश्रांतीचा मोसम असतो अशी माझी लहानपणापासून पक्की समजूत. तलासरीकडच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि पहिल्याच जुलैत निम्मा वर्ग रिकामा बघून माझं डोकं फिरलं. हजेरीपुस्तक काखेत मारून मी पाड्यावर गेले, पोरांना ओढून आणायला.

तिथे मी पहिल्यांदा आवणी नीट बघितली. गुडघाभर चिखल, पाण्यात टाकलेल्या रोपांच्या मुठी, पाठीवर निळं मेणकापड बांधून कमरेत वाकलेल्या आठ-दहा बायका. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टी. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताने दोन-तीन रोपं सोडवायची, चिखलात खुपसायची आणि मागे सरकायचं. लावत लावत सगळी ओळ मागे मागे येते. एकीही वळून बघत नाही. टाचेला बांध लागला की काम संपलं. पुढे जात लावलं तर आपलीच रोपं आपल्याच पायाखाली येतील, एवढं साधं कारण. पण कुणीतरी हसत सांगेपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलांना आणायला गेलेली मी बांधावर तासभर उभी राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. मुख्याध्यापकांना सांगितलं, रस्ता वाहून गेलाय.

जयवंती त्या ओळीतली नव्हे, पुढच्या काही वर्षांतली. आठवीत होती तेव्हा मी तिला तशाच एका ओळीत बघितलं. बारीक, उंच, कपाळावर कायम चिखलाचा एक ठिपका. घरी आणि पाड्यावर जयू. बायकांच्या बरोबरीने लावायची, आणि मागे यायची ती असं सरसर की जणू तिच्या पाठीला डोळे आहेत. वर्गात मात्र कधी तोंड उघडायची नाही. 'जयवंती, मोसमी वारे कुठून येतात?' म्हटलं की खिडकीकडे बोट दाखवायची.

आणि फुटबॉल? तो माझ्या गळ्यात पडला. मुंबईकडच्या एका क्लबाने आमच्याकडच्या मैदानावर मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि शाळेतली कुणीतरी बाईमाणूस तिथे हवी असं ठरलं. बाकीच्या शिक्षिकांना लहान मुलं होती. मला नव्हती. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून वह्या तपासायची आणि चेंडू आला की पाय वर घ्यायची. क्लबचे सर तिशीतले, मनाने चांगले, आवाजाने जरा जास्तच चांगले. एकदा ते माझ्या शेजारी येऊन कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "मॅडम, पुढे धावणाऱ्या खूप आहेत. मागे कोण उभी करू? चेंडूकडे तोंड ठेवून मागे पळता येणारी एक पोरगी नाही मला."

मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, "जयवंतीला बघा."

त्यांनी बघितलं आणि ते वेडे झाले. मीही झाले, खोटं कशाला सांगू. फुटबॉलचा ओ की ठो न कळता मी एक खेळाडू शोधून काढला होता, आणि हे मी डहाणू रोडच्या भाजीवालीपासून दूरच्या नणंदेपर्यंत सगळ्यांना सांगितलं. आवणीतून आलेली ही चाल आहे, असं मी शिक्षकांच्या खोलीत दोन वेळा भाषणासारखं बोलले. त्या मुलीच्या अंगातल्या गोष्टीची मी परस्पर मालकीण होऊन बसले होते.

दोन वर्षांनी क्लबाला बोलावणं आलं. युरोपातल्या एका गावात दर जुलैत, त्यांच्या उन्हाळ्यात, देशोदेशींच्या क्लबांतली मुलं खेळायला जमतात, तिथे. आमच्या शाळेतल्या दोघी निवडल्या गेल्या, जयवंती आणि तिच्याच वर्गातली मनीषा. मनीषा हायवेकडच्या वस्तीतली, बोलकी, फटकळ, बचावातच पण डाव्या कडेला खेळणारी. दोघींचं एकमेकींशी फारसं पटायचं नाही. पासपोर्टाच्या वेळी कळलं की दोघींचा वाढदिवस एकच, शाळेने दाखल करताना टाकलेला एक जून. आमच्या निम्म्या शाळेचा वाढदिवस तोच असतो. तिकडच्या लोकांनी शंका काढली आणि मला लांबलचक पत्र लिहून पटवून द्यावं लागलं की या मुली जुळ्या नाहीत.

क्लबचं एक ठरलेलं होतं. स्पर्धेनंतर एका मुलीला शहरातल्या वसतिगृहात ठेवायचं. शाळा, जेवण, रोजचा सराव, सगळं क्लबाकडे. जागा एकच. जयवंतीने ते ऐकलं तेव्हा ती नेहमीसारखीच गप्प होती, पण त्या आठवड्यात तिने मला तीनदा विचारलं, "मॅडम, तिथं बारावीपर्यंत ठेवतात ना?" घरी दोन धाकटे भाऊ, बाप वापीला मजुरीला, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून तिनेही कामाला लागायचं हे जवळपास ठरलेलं. तेव्हा त्या एका जागेत काय काय होतं ते तिला चांगलं माहीत होतं आणि मलाही.

मुली जिंकत गेल्या आणि फायनलला पोचल्या. सामना तिकडे दुपारी तीनला, म्हणजे इथे संध्याकाळी साडेसहाला. हे गणित मी फळ्यावर पृथ्वीचं चित्र काढून पाड्यावरच्या सगळ्यांना समजावलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचा बेत होता. पण भर आवणीच्या पावसात वीज टिकेल असं मानणारे मुख्याध्यापक एकटेच. सहा वाजता दिवे गेले. मग माझा मोबाइल एका कळशीला टेकवून टेबलावर उभा केला आणि चाळीस माणसं त्याच्याभोवती दाटली. शेतातून थेट आलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेली. मागच्यांना काही दिसेना, म्हणून मी मोठ्याने सांगत होते. काय सांगत होते देव जाणे. "चेंडू त्यांच्याकडे. चेंडू आपल्याकडे. पुन्हा त्यांच्याकडे."

"आपली कुठली?" एक म्हातारी दर पाच मिनिटांनी विचारायची.

"निळ्या कपड्यांतली."

"सगल्याच निल्या दिसतात."

जयवंतीची आई, लाडकीबाई, दाराशीच उभी होती. तिने मोबाइलकडे एकदाच नीट बघितलं. तिकडे लख्ख ऊन होतं, हिरवंगार कोरडं मैदान.

"मॅडम, तिकडं पाऊस नाय काय?"

"आत्ता नाही."

"मग ती लोकां आवणी कधी करतात?"

त्या संध्याकाळी कुणी इतकं हसलं नव्हतं. तीही हसली. त्यानंतर शेवटची काही मिनिटं राहिली, दोन्हीकडे शून्य.

सरांनी मुलींना एक युक्ती शिकवली होती. समोरून लांब चेंडू येणार असं दिसलं की बचावातल्या चौघींनी एकदम पुढे धावायचं. मग समोरची खेळाडू चौघींच्या मागे एकटी उरते आणि पंच ऑफसाइडची शिट्टी वाजवतो. त्या वेळी तसाच चेंडू आला. मी बघितलं, मुली पुढे धावल्या. आणि जयवंती पुढे न जाता मागे सरकली. सरसर, तिच्या त्या नेहमीच्या चालीने. तेवढ्यात चित्र गोठलं. मधोमध ते चक्र गोल गोल फिरत राहिलं. ती एक पाय मागे टाकलेली, हात पसरलेले, तोंड अर्धवट वळलेलं. चाळीस माणसं त्या चित्राकडे बघत होती. चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा पांढऱ्या कपड्यांतल्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून ओरडत होत्या.

"अगं, मागे कशाला गेलीस!" मी ओरडले. मग लोकांकडे वळून, शिक्षिकेच्या आवाजात, सगळ्यांना नीट कळावं म्हणून सांगितलं, "ती मागे गेली ना, तिच्यामुळे झाला गोल."

लाडकीबाई दारातून निघून गेली. राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, उपटलेल्या मुठी पडल्या होत्या, त्या झाकायला गेली असेल. मी तेव्हा तशीच समजूत करून घेतली.

सरांचा फोन दोन दिवसांनी आला. जागा मनीषाला दिली होती. "जयवंती गुणी आहे मॅडम, पण दडपणाखाली जुनी सवय बाहेर येते. मी कितीदा सांगितलं होतं." जुनी सवय. त्या सवयीची जाहिरात मीच केली होती. मी "हो, हो" म्हणत फोन ठेवला.

मुली परतल्या तेव्हा तलासरीला ढोल वाजले, हार घातले गेले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून जयवंती शाळेत आली नाही. आठ दिवस. नवव्या दिवशी मी पाड्यावर गेले, या खेपेला हजेरीपुस्तक न घेता. ती शेतात होती, आईबरोबर आणि आणखी चौघींबरोबर ओळीत. मी बांधावरून हाक मारली. तिने मान वर करून बघितलं, हसल्यासारखं केलं आणि पुन्हा वाकली. आवणीत कुणी कुणाशी बोलायला थांबत नाही. राबातलं रोप मोठं होत असतं, पाणी आहे तोवर लावायचं असतं. मी तीनदा हाक मारली. शेवटी लाडकीबाईच म्हणाली, "बोलायचां आसल तर आत या मॅडम. ती बाहेर नाय येणार."

चपला बांधावर ठेवून, साडी खोचून मी उतरले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा. चिखल गार नसतो, कोमट असतो, हे मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी मूठ हातात दिली. मला जयवंतीच्या शेजारची पट्टी मिळाली. मी दोन रोपं खुपसेपर्यंत ती दहा लावून मागे जायची. माझी रोपं आडवी पडायची. थोड्याच वेळात सगळी ओळ मागे निघून गेली आणि मी एकटी पुढे अडकले, कमरेत कळ, धड उभं राहता येईना. बोलायला आलेली मी रडकुंडीला आले. तेवढ्यात माझ्या पट्टीत दुसरा एक हात आला. जयवंती. आपली ओळ सोडून तिरकी माझ्या बाजूला आली होती आणि माझ्या वाट्याचं लावत होती. माझ्याकडे बघितलंही नाही. पलीकडची बाई तिची पट्टी सांभाळत होती. पुन्हा सगळ्या एका ओळीत आल्यावर ती आपल्या जागी गेली. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. शेजारीण अडली की असंच करतात.

मी चिखलात तशीच उभी राहिले. मग विचारलं, "जयवंती, त्या दिवशी तुझ्या मागे काय होतं?"

तिचा हात थांबला नाही. "मनीषा."

"मनीषा?"

"तिच्या पायात गोळा आलेला. खाली बसली ती, मागंच. तिच्या बाजूला कोणच नव्हतं. ती पोरगी बॉल घेऊन तिकडंच पळत होती." दोन रोपं लावून झाली. "मनीषा मागं बसलेली असताना आम्ही पुढं धावून काय उपयोग? शिट्टी वाजलीच नसती मॅडम. मी गेले, पण पोचले नाय."

मोबाइलच्या चौकटीत मनीषा नव्हती. सर मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होते आणि चेंडूकडे बघत होते. मी तर चाळीस माणसांसमोर निकालच लावून मोकळी झाले होते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सरांनी विचारलं, मागं का गेलीस. मी म्हटलं, चुकलं." पुढचं रोप खुपसत म्हणाली, "सगले बघत होते. मनीषा रडत होती. ती पण नाय बोलली. मी तिच्या जागी असते तर मीही नसते बोलले."

"आणि ती जागा?"

तिने नवी मूठ सोडवायला घेतली. लाडकीबाई ओळीच्या टोकाला होती, तिचं काम चालूच होतं, पण तिला सगळं ऐकू गेलं होतं हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्याबद्दल फारसं बरं नाही. मी म्हटलं, "सरांना फोन करू का मी?" आणि ते विचारतानाच तिचं उत्तर मनात तयार करून ठेवलं होतं. ती म्हणेल, नको मॅडम, राहू दे, मनीषाचं भलं होऊ दे. माझे डोळे भरून येतील. पाड्यावरच्या माणसांचं मन किती मोठं असतं हे मी पुढे अनेक ठिकाणी सांगेन, शिक्षकांच्या खोलीत, कदाचित अशाच एखाद्या लेखात. त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक करायला आपल्याला फार आवडतं. त्यात आपलं काहीच जात नाही. एक पोरगी आपलं शिक्षण सोडून देणार आणि मी त्यावर हळवी होणार, एवढी सगळी तयारी माझ्याकडे होती.

जयवंती सरळ उभी राहिली. हात पाण्यात बुचकळून स्वच्छ धुतले.

"करा," ती म्हणाली. "आत्ताच करा."

पुढे काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव अडकून राहील. त्या वर्षी तिला जागा मिळाली नाही. जागा भरली होती आणि मनीषाला काढा असं आमच्यातलं कुणी म्हणालं नाही. त्या उन्हाळ्यात मात्र तिला कामाला धाडलं नाही, लाडकीबाईने पाय रोवले. पुढच्या वर्षी सरांनी तिला बोलावून घेतलं. आता दोघी एकाच वसतिगृहात आहेत आणि अजूनही एकमेकींशी फारसं पटत नाही, असं मनीषाच मला सांगते. पाड्यावरच्या त्या चाळीस जणांना मी पुन्हा शाळेत बोलावलं आणि माझं चुकलं होतं, असं सांगितलं. निम्मेच आले. आवणी चालू होती.

पण जुलैत मला आठवतो तो हा सगळा हिशेब नव्हे. त्या दिवशी शेतात रेंज नव्हती. आम्ही दोघी चिखलाच्या पायांनी वरच्या टेकाडावर चढलो, ती पुढे, मी धापा टाकत मागे. वर साग आणि वारा. रेंजची एक दांडी आली, गेली, मग दोन आल्या. मी सरांना फोन लावला आणि सुरुवात केली, "सर, तुमचा थोडा गैरसमज झालाय, जयवंतीचं म्हणणं असं आहे की..." शिक्षिकेचाच आवाज. वीस वर्षांची सवय. मुलांचं म्हणणं मुलांच्या वतीने आपणच मांडायचं.

तिने हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही तिला काय हवंय. मग मी फोन दिला.

ती पाठमोरी झाली. आधी मनीषाच्या पायातल्या गोळ्याचं सांगितलं, कुठे बसली, चेंडू कुठून आला, आपण किती पावलं कमी पडलो. काहीही न वाढवता, एकेक रोप लावावं तसं. मनीषाला काढू नका, हेही सांगितलं. पलीकडून सर काहीतरी बोलले, बराच वेळ बोलले. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता संपलं, ती "बरं सर" म्हणेल आणि फोन ठेवेल. मैदानावर ती तेवढंच म्हणायची.

"नाय सर, माफी नको," ती म्हणाली. आवाज इतका मोठा होता की खाली शेतातल्या बायकांनी माना वर केल्या. "मला पण खेळायचंय. मला पण तिथं राहायचंय."